‘ड्राय’ वाइन म्हणजे कोरडी वाइन?

सान होजे :

इथल्या आठ-दहा मराठी घरांनी मिळून वाइन चाखायचा एक बेत ठरवलाय. चार बाटल्या, चारही अमेरिकन. कॅलिफोर्नियाची पांढरी शार्डने, लाल कॅबर्ने आणि झिनफंडेल, शिवाय ऑरेगनची लाल पिनो न्वार. येणाऱ्यांत निम्मे जण भारतातून मुलांकडे आलेले आईवडील आहेत, म्हणून माहितीचं पान मराठीत हवं. ते काम माझ्याकडे आलं आणि मी पहिल्याच ओळीला अडले. ‘ड्राय रेड’ला मी सवयीने ‘कोरडी लाल वाइन’ लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि लगेच खोडलं.

मराठीत कोरडं म्हणजे जे ओलं नाही ते. विहीर कोरडी असते, भाकरी कोरडी असते, बोलणंही कोरडं असतं. पण ग्लासात ओतलेली वस्तू कोरडी कशी? इंग्रजीतल्या ‘ड्राय’चा अर्थ इथे एवढाच, की रसातली साखर यीस्टने संपवली, गोडी उरली नाही. तोंड कोरडं पडण्याशी त्याचा काही संबंध नाही. घोळ असा, की कॅबर्नेचा घोट घेतल्यावर तोंड खरोखरच कोरडं पडतं, पण ते द्राक्षाच्या साल-बियांतून येणाऱ्या टॅनिन नावाच्या पदार्थामुळे. मग ऐकणारा दोन्ही गोष्टी एकत्र बांधतो. ‘मला ड्राय आवडत नाही’ असं सांगणारे कितीतरी जण मला भेटलेत. पुढे दोन प्रश्न विचारले की कळतं, त्यांना गोडी नसण्याची तक्रारच नाही, तुरटपणा नको आहे. अशांना बिनगोड शार्डने दिली की ती ते आवडीने पितात.

तुरट! हा शब्द आपल्याकडे किती सहज आहे. इंग्रजीत याच संवेदनेला ‘अॅस्ट्रिंजंट’ हा जो नेमका शब्द आहे तो औषधाच्या बाटलीवरचा वाटतो, म्हणून तिथले लोक ‘पकड आहे’, ‘चावता येते’, ‘रेशमी आहे’ अशा उपमा शोधत बसतात. आपल्याकडे जांभूळ, आवळा, कच्चं केळं खाल्लेल्या चार वर्षांच्या पोरालाही तुरट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

तर माझा प्रस्ताव : टॅनिनसाठी ‘तुरट’, आणि ‘ड्राय’साठी ‘बिनगोड’. ‘कोरडी’ पूर्ण बाद. पटतंय का?

नाशिक :

मी द्राक्षबागेत आणि वायनरीत, दोन्हीकडे काम केलंय. आमच्याकडे सगळे ‘ड्राय’च म्हणतात. गावाकडचा पाहुणा आला की मी ‘गोड नाही’ असं सांगतो आणि त्याला कळतं. ‘बिनगोड’ कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही, पण ‘कोरडी’पेक्षा शंभरपट बरा. तुरटाबद्दल मात्र वादच नाही.

लोक आंबटपणा आणि तुरटपणा यांतही गल्लत करतात. त्यावर एक सोपा उपाय सांगतो. घोट घ्या, गिळा किंवा थुंका, आणि दहा आकडे मोजा. जबड्याच्या मागून तोंडाला पाणी सुटलं, तर तो आंबटपणा. जीभ हिरड्यांवर खरखरायला लागली, गाल आतून आक्रसले, तर तो तुरटपणा. लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, म्हणून ती खरखर. टॅनिन येतं साल आणि बियांतून. लाल वाइनचा रस सालीसकट आंबवतात, पांढरीचा आधी पिळून घेतात, त्यामुळे तुरटपणा मुख्यतः लालमध्ये.

आमच्या बोलण्यात एवढं इंग्रजी का, त्यालाही कारण आहे. इथल्या सुला वायनरीचे राजीव सामंत कॅलिफोर्नियात शिकलेले, त्यांना वाइन बनवायला मदत करणारे केरी डॅमस्की तिथल्याच सोनोमाचे. 2000 साली सुलाची पहिली वाइन आली. पुढे झिनफंडेलही इथे लागली. कलम आलं तसे शब्दही आले. बाकी ‘घड’, ‘मणी’, ‘छाटणी’ हे आमचे शब्द जागचे हलले नाहीत, कारण ते काम आम्ही आधीपासून करत होतो.

पुणे :

तुरटाला माझा पूर्ण पाठिंबा. आयुर्वेदातल्या सहा रसांपैकी कषाय तो हाच. मात्र एक सावधगिरी हवी. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू, त्यामुळे जुन्या ग्रंथातले शब्द उचलून वाइनला लावाल तर उलटा अर्थ होईल. साधं ‘कडवट’ लिहा. आणि कडवट व तुरट वेगळे ठेवा. कडवटपणा ही चव आहे. तुरटपणा चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळ जातो.

मला वेगळाच प्रश्न आहे. एका भाषांतरात सोविन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनला ‘आवळ्याचा वास’ येतो असं वाचलं. मी आवळा हातात घेऊन वास घेतला, काही जुळेना. आणि वाइनच्या वासाला इंग्रजीत ‘नोज’ म्हणतात, त्याला ‘नाक’ म्हणायचं का?

सान होजे :

आवळा चूक आहे, आणि ही चूक फार पसरलीय. मूळ शब्द ‘गूझबेरी’. ते युरोपातलं वेगळ्याच कुळातलं झुडूप, हिरवं केसाळ फळ, आपल्या बाजारात दिसत नाही. आवळ्याला भारतीय इंग्रजीत ‘इंडियन गूझबेरी’ म्हणतात म्हणून शब्दकोशातून आवळा येऊन बसला. रसभरीला ‘केप गूझबेरी’ म्हणतात, तिचाही याच्याशी संबंध नाही. कॅबर्नेच्या वासाला लावतात त्या ‘ब्लॅककरंट’चं असंच काळं मनुकं होतं, तेही चूक, ते झुडपावरचं वेगळंच फळ. गंमत म्हणजे अमेरिकन लोकांनाही ब्लॅककरंट फारसं ठाऊक नसतं. त्या झुडपावर पाइनची झाडं मारणारी बुरशी पोसते, म्हणून 1911 पासून 1966 पर्यंत त्याच्या लागवडीवर इथे देशभर बंदी होती. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची कॅबर्ने चाखणारा अमेरिकन माणूसही परक्या फळाचं नाव पाठ केल्यासारखं घेतो. मग आपण का घ्यावं? मी ‘पिकलं जांभूळ’ लिहिणार आहे. रंग जुळतो, तुरटपणा जुळतो, जीभ जांभळी होणंसुद्धा जुळतं.

आपल्या ओळखीचे वास वापरावेत, हा माझा हट्ट नुसत्या अभिमानापोटी नाही. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अॅन नोबल यांनी 1984 साली वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. मधल्या वर्तुळात ढोबळ शब्द, बाहेर जाल तसे नेमके. ‘फळ’, मग ‘लिंबूवर्गीय’, मग ‘ग्रेपफ्रूट’. ‘सुरेख’, ‘डौलदार’ असल्या शब्दांना त्यात जागाच नाही. प्रत्येक वासासाठी नमुना कसा करायचा तेही त्यांनी सांगितलं : साध्या वाइनमध्ये ढोबळ्या मिरचीचा तुकडा टाका, नाहीतर डब्यातल्या शतावरीच्या कोंबांचं थोडं पाणी, आणि हुंगा. सगळं किराणा दुकानात मिळणारं. दुकान त्यांचं होतं म्हणून यादी त्यांची. आपलं दुकान वेगळं.

कसं ते माझ्या आत्याने मला दाखवलं. ती तासगावची, आयुष्य द्राक्षं आणि बेदाण्यात गेलेलं. मागच्या वर्षी आली तेव्हा तिला सोनोमातल्या एका वायनरीत नेलं. प्यायची नव्हती, पण बघायची फार उत्सुकता. झिनफंडेलचा ग्लास तिने नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, “अगं, नव्या बेदाण्याचं खोकं उघडल्यावानी वास येतोय.” वाढणाऱ्या मुलीला मी हे इंग्रजीत सांगितलं, तशी ती थांबलीच. झिनफंडेलच्या घडातले मणी एकसारखे पिकत नाहीत. काही अजून कच्चे असतात, तेव्हा शेजारचे सुकून बेदाणा व्हायला लागलेले असतात, आणि तोडणी होते ती सगळ्या घडाची. तो सुकलेल्या मण्यांचाच वास होता. आत्याला हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग कॅबर्ने आली, अमेरिकन ओकच्या पिंपात मुरवलेली. आत्या बराच वेळ हुंगत राहिली. “सुकं खोबरं... आणि शेपू?” शेपू म्हणताना तिचा आवाज खाली गेला, आपण चुकतोय की काय असं वाटून. चुकली नव्हती. अमेरिकन ओकचं लाकूड फ्रेंच ओकपेक्षा खोबऱ्याचा आणि शेपूचा वास जास्त देतं, इथल्या पुस्तकांत हेच दोन शब्द छापलेले असतात. शेवटी तिने एक थेंबभर घोट घेतला, तोंडात फिरवला आणि तस्तात टाकला. हो, तस्त! ‘स्पिट बकेट’ला मी इतके दिवस शब्द शोधत होते, तो आत्यानेच “तस्त कुठाय?” असं विचारून दिला.

(ओकच्या वासाला ‘ओकी’ लिहू नका, मराठीत भलताच अर्थ होतो. ‘ओकचा वास’ किंवा ‘पिंपाचा वास’ लिहा.)

आता ‘नाक’. 1976 साली पॅरिसला स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइन-व्यापाऱ्याने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनची, लेबलं झाकून, ती प्रसिद्ध चाचणी घेतली. फ्रेंच परीक्षकांच्या गुणांनी पांढऱ्यांत शातो माँटेलिनाची 1973 ची शार्डने पहिली आली आणि लालमध्ये स्टॅग्ज लीपची 1973 ची कॅबर्ने. दोन्ही वायनऱ्या नापाच्या. त्या दिवशी एका परीक्षकाने एक पांढरी वाइन चाखून, ही नक्की कॅलिफोर्नियाची, हिला नाकच नाही, असं सांगितलं. ती निघाली बर्गंडीची, म्हणजे फ्रेंचच. याचं भाषांतर करताना ‘नाक’ ठेवलं तर मराठी वाचक अब्रूकडे जाईल, कारण आपल्याकडे नाक असतं, जातं, कापलं जातं ते इज्जतीचं. इथे ‘वास नाही’ म्हणावं. ‘वास’ म्हटलं की दुर्गंध, असं हल्ली काहींना वाटतं, पण पहिल्या पावसाचा वास, आंबेमोहराचा वास आपण कौतुकानेच सांगतो. ‘सुगंध’ मला वाइनला अत्तराच्या दुकानात नेल्यासारखा वाटतो. वास दूरवर पसरला तर ‘दरवळ’, अल्कोहोल नाकात गेलं तर ‘उग्र’, आतून भाजलेल्या पिंपातून आला तर ‘खरपूस’, बूच खराब होऊन ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर ‘कुबट’. ‘कुबट’ इतका चपखल आहे, की ती बाटली परत करताना दुसरं काही सांगावं लागू नये.

रोचेस्टर, न्यूयॉर्क :

‘ड्राय’वरून आमच्या बाजूचं सांगते. इथे फिंगर लेक्स भागातली रीसलिंग ही पांढरी वाइन प्रसिद्ध आहे, आणि ती एकाच नावाखाली अगदी बिनगोडपासून गोडमिट्टपर्यंत मिळते. म्हणून पुष्कळ बाटल्यांच्या मागे एक पट्टी छापतात : ड्राय, मीडियम ड्राय, मीडियम स्वीट, स्वीट. मी ती घरी बिनगोड, किंचित गोड, गोडसर, गोड अशी वाचते. ‘गोडसर’ला इंग्रजी दोन शब्द लावते.

आणि ‘फॉक्सी’चं काय? न्यूयॉर्कच्या पश्चिम टोकाला कॉन्कॉर्ड द्राक्षं पिकतात, तीच जेलीची आणि ज्यूसची. त्यांच्या वाइनला ‘फॉक्सी’ म्हणतात. मी एका ठिकाणी ‘कोल्ह्यासारखी’ वाचलं.

नाशिक :

त्याला कोल्हा नको. ती अमेरिकन जातीची द्राक्षं, लाब्रुस्का. आपल्याकडची बेंगलोर ब्लू त्याच कुळातली. काळी, जाड सालीची, साल दाबली की गर सुळकन बाहेर येतो. तिचा जो भडक गोड वास खोलीभर सुटतो, तोच ‘फॉक्सी’. द्राक्षाच्या गोळीला, सरबताला जो ‘द्राक्षाचा’ वास घालतात तोही हाच, मिथाइल अँथ्रानिलेट नावाच्या पदार्थाचा. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांतही तो असतो. मी ‘बेंगलोर ब्लूचा वास’ असंच म्हणेन.

पुणे :

‘बॉडी’ राहिली. ‘अंग’ म्हणावं का? आणि ‘हलकी वाइन’ लिहिलं तर स्वस्तातली वाटते.

सान होजे :

‘हलकी’ची अडचण खरी आहे. मी ‘अंगाने हलकी’ आणि ‘अंगाने भरलेली’ असं लिहिलं. शंका आली तर गाईचं दूध आणि म्हशीचं दूध तोंडात कसं लागतं ते आठवा, फरक तोच. शार्डनेच्या लोण्याच्या वासाचीही फोड दिली आहे. काही वायनऱ्या तिच्यातलं सफरचंदासारखं आंबट आम्ल जिवाणूंकरवी दह्यातल्या आम्लात बदलून घेतात, त्या वेळी लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल तयार होतं. विरजणाचं लोणी काढताना घरभर जो वास सुटतो त्यातही तेच असतं. इथे परकं काहीच नाही.

‘रिझर्व्ह’चं भाषांतर केलेलं नाही, कारण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात त्या शब्दाला व्याख्याच नाही आणि ‘राखीव’ लिहून मी त्याला उगाच वजन दिलं असतं. द्राक्षाच्या जातीचं नाव मात्र कायद्याने बांधलेलं आहे. ‘कॅबर्ने’ छापायचं तर निदान 75 टक्के कॅबर्ने हवी. ऑरेगनमध्ये ‘पिनो न्वार’ला 90 टक्के. ते पानावर घेतलंय.

‘बिनगोड’ ठेवलाय. पान छापायला दिलं. कॅबर्नेपुढचा मजकूर असा :

‘रंग गडद, कडेला जांभळट. वास पिकल्या जांभळाचा, मागून सुक्या खोबऱ्याचा आणि जरासा शेपूचा. बिनगोड. अंगाने भरलेली. पहिल्या घोटाला तुरट लागेल, जीभ आक्रसेल. मग चीजचा तुकडा खाऊन दुसरा घोट घ्या, तुरटपणा निवतो. गिळल्यावर जांभूळ बराच वेळ तोंडात रेंगाळतं. तस्त उजव्या हाताला आहे.’