‘पार’ पोर्तुगीज, तर मग ‘दुपार’ कुठली?

वास्कोकार: काल आमच्या गटावर एक पोस्ट फिरली. गोव्यात वास्कोच्या दामोदर देवळात अखंड भजनाचा उत्सव होतो ना, त्या दामोदर सप्ताहातला ‘पार’ म्हणे पोर्तुगीज शब्द! त्या भाषेत ‘पार’ म्हणजे जोडी, आणि भजनाला दोन बाजू समोरासमोर बसतात म्हणून हे नाव. वाचून डोकंच फिरलं. गोव्यातल्या दिसेल त्या शब्दाला पोर्तुगीज टोपी घालायची ही कसली खोड? ‘दुपार’ कुठून आली? दोन प्रहर, त्याची दुपार. कोकणीत दनपार. दिवसाचे प्रहर आठ, एकेक तीन तासांचा. श्रावण शुद्ध षष्ठीला भजन सुरू झालं की चोवीस तास खंडू द्यायचं नाही. पाळ्या वाटून घ्याव्याच लागतात. ज्याची पाळी, त्याचा पार.

दक्षिणकार: पाळी देवळात हो. पण वास्कोत ‘पार आला’ म्हटलं की लोक रस्त्याकडे धावतात. बाजारातून गात-वाजत देवळाकडे जाणारा एकेका समाजाचा मेळ तो पार. त्यात तीन तास कुठे आले? मी पोर्तुगीज म्हणत नाही. पिंपळाच्या पारावर बसून गाणारे ते पार, असं आमचे आजोबा सांगायचे.

वास्कोकार: आजोबांना नमस्कार. पण चालणारा मेळ कुठल्या कट्ट्यावर बसला?

झांजवाला: शब्द राहू द्या, त्या पारात भजन किती उरलंय ते बोला. भोंगे, चित्ररथ, बाहेरून आणलेले गवई. गर्दी नाट्यगीताला थांबते आणि अभंग सुरू झाला की खाज्याच्या दुकानाकडे वळते.

गवयाचा मुलगा: तोंड सांभाळून बोला. माझे वडील पंधरा वर्षं पारात गायले. पावसात भिजलेली पेटी पुसून पुन्हा बसायचे. नाट्यगीतानंतर अभंग घेतला म्हणूनच तो हजार माणसांनी ऐकला. तुम्ही कधी गायलात?

झांजवाला: गायलो नाही, झांज धरली. पहाटे तीनला, देवळात, आम्ही पाचजण. तेव्हा तुमची हजार माणसं कुठे होती?

गवयाचा मुलगा: झोपली होती, मान्य. तो दोष गवयाचा नव्हे.

वाड्यावरची: पहाटेचं निघालंच आहे तर सांगते. आमच्या गावच्या सप्त्यात पहाटेची पाळी आमच्या वाड्याची. बाबा आम्हांला उठवताना म्हणायचे, “उठा, पार घेवपाक जाय.” म्हणजे पार घ्यायला हवा. पुढचे येऊन बसले तरी आधीचे टाळ खाली ठेवत नसत. नवे त्याच ठेक्यात शिरायचे, तेच चरण उचलायचे आणि मगच जुन्यांचे हात थांबायचे. टाळाच्या दोरीचा वळ बाबांच्या बोटावर दुसऱ्या दिवशीही दिसायचा. पार घ्यायचा, पार द्यायचा. कट्टा कोणी घेत-देत नाही आणि जोडीही नाही.

दक्षिणकार: ‘घेवपाक’पुढे माझं काही चालत नाही. प्रहर धरा. पण मग रस्त्यावरचा मेळ पार कसा झाला?

वास्कोकार: माझा तर्क असा: आधी वेळ, मग त्या वेळी गाणारी माणसं, मग ती माणसं गात देवळाकडे निघाली ती वाटही.

दक्षिणकार: हे आधी सांगितलं असतं तर मी आजोबांना मध्ये आणलं नसतं.

झांजवाला: यंदाही पहाटे तीनला आम्ही पाचच आहोत. वाड्यावरच्या बाई, तुमच्याकडचं कोणी येईल?

वाड्यावरची: दोघं येतील. टाळ आमचे.