भिडूच्या १ बदामला तीन पानांचा पाठिंबा: लगेच सांगायचा की आधी इस्पिक?

ब्रिजच्या बोलीत पाच पानांच्या मेजरची पद्धत धरा, म्हणजे १ बदाम किंवा १ इस्पिकने सुरुवात करणाऱ्याकडे त्या रंगाची निदान पाच पानं असतात. भिडूने १ बदामने सुरुवात केली, पुढचा पास. तुमच्या हातात इस्पिक राजा-९-७-४, बदाम राणी-८-३, चौकट ६-२, किलवर राणी-९-७-५. सात पॉइंट (राजाचे ३, राणीचे २). बरेच जण सवयीने १ इस्पिक म्हणतात. माझ्या मते इथे २ बदामच. निदान तीन बदाम आहेत आणि ताकद ६ ते ९ आहे, हे भिडूला एकाच बोलीत कळतं. १ इस्पिकला वरची मर्यादाच नाही. सहा पॉइंटही असतील, सोळाही.

प्रतिसाद १
साफ असहमत. भिडूकडे चार इस्पिक असतील तर ४-४ फिट (दोघांची चार-चार मिळून आठ पानं) गमावलात. हुकूम इस्पिक असेल तर त्याच्या चौथ्या-पाचव्या बदामावर तुमची दोन किलवर टाकता येतात. हुकूम बदाम असेल तर दोघांची चौथी इस्पिक एकमेकांवरच पडतात, काहीच टाकता येत नाही. एक हात सहज जास्त मिळतो.

धागाकर्ता
४-४ चं गणित मान्य. पण भिडू दमदार असेल तर २ बदामनंतर तो २ इस्पिक म्हणून गेमची (मोठा बोनस देणाऱ्या बोलीची, इथे ४ बदाम किंवा ४ इस्पिक) चाचपणी करेल, आणि आपण तेव्हा इस्पिक उचलू. फिट हरवतं ते फक्त त्याची पानं किमान ताकदीची असताना, जिथे गेम नाहीच.

आता उलट बघा. १ इस्पिकवर भिडू १ बिनहुकमी किंवा २ किलवर म्हणाला आणि तुम्ही २ बदामवर आलात, तर तो दोनच बदाम धरून चालणार. तिसरं पान, तेही राणीसकट, त्याला कधी सांगणार? शिवाय विरोधकांना किलवर सांगायचं असेल तर १ इस्पिकनंतर २ किलवर पुरतं, २ बदामनंतर तिसऱ्या पातळीवर यावं लागतं. ही अडवणूक फुकटात मिळते. ती सोडू नये.

प्रतिसाद २
स्पर्धा कुठली ते आधी सांगा. टीम सामन्यात २ बदाम करून ११० आणि २ इस्पिकमध्ये एक जास्त करून १४०, फरक एका इम्पचा (टीम सामन्यात गुणांचा फरक ज्यात मोजतात ते एकक). पेअर्समध्ये तुलना तीच पानं खेळलेल्या इतर जोड्यांशी होते, तिथे त्याच ३० गुणांवर अख्खा बोर्ड (तो डाव) जातो.

प्रतिसाद १
हेच म्हणतोय! मी पेअर्सच खेळतो. आणि बदाम ८-६-३ असते तर? तीन फुसक्या पानांवर घाईने पाठिंबा देण्यात काय अर्थ?

धागाकर्ता
तरीही २ बदाम. आठ पत्त्यांचं फिट पानांच्या उंचीवर ठरत नाही. दहा-अकरा पॉइंट असते तर मीही आधी १ इस्पिक आणि मग ३ बदाम म्हटलं असतं. सातवर दोनदा बोलायची ताकद हातात नाही.