जेल लावलं की लगेच कळा येतात असं नाही

कळा आणण्यासाठी सकाळी अ‍ॅडमिट झाल्यावर संध्याकाळपर्यंत बाळंत होऊन मोकळी होईन का, असं एकीने विचारलंय. माझं सांगते. ४१ आठवडे झाले तरी कळांचा पत्ता नाही, म्हणून दाखल करून घेतलं. सकाळी गर्भपिशवीचं तोंड मऊ करणारं जेल लावलं, ६ तासांनी तपासलं तर तोंड जेमतेम एक बोट उघडलेलं. मग दुसरा डोस. पहिलटकरणीच्या पिशवीचं तोंड कच्चं असेल तर ते मऊ व्हायलाच दिवस जाऊ शकतो, हे आधी कोणी बोललंच नव्हतं.

खरा खेळ दुसऱ्या दिवशी, सलाईनमधून ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणणारं औषध, सुरू झाल्यावर. थेंब वाढवले की कळांवर कळा, मध्ये उसंतच नाही. पोटाला पट्टा, त्यातून बाळाचे ठोके ऐकू यायचे. मी कूस बदलली की आवाज गायब आणि नवऱ्याचा चेहरा पांढराफटक! सिस्टर शांतपणे पट्टा सरकवून जायच्या. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, हवं असेल तर मागायला लाजू नका, मी उगाच ताणलं. एकूण ३१ तास, नॉर्मल.

आणि कळा याव्यात म्हणून एरंडेल घ्यायचा सल्ला कोणीतरी दिलाय, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. मला सासूबाईंनी प्रेमाने पाजलं होतं. कळा नाहीतच, रात्रभर संडासच्या वाऱ्या.