आईला चाळीस वर्षं जुन्या फेरीबोटीने आरनला न्यायचंय, पण ती गाडीतून उतरायला तयार नाही

थळकरीण (ग्लासगो, मे २०२४)

नमस्कार मंडळी. आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे आलेत, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहेत. शेवटच्या शनिवार-रविवारी त्यांना स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आरन बेटावर न्यायचं ठरवलंय. इकडच्या आर्ड्रॉसन बंदरातून बेटावरच्या ब्रॉडिकपर्यंत पंचावन्न मिनिटांची फेरी, गाडी बोटीत घालून. तिकीट काढून झालं, ब्रॉडिकला राहायची सोय झाली आणि मग बाबांनी जेवताना सहज सांगून टाकलं की या मार्गावरची नेहमीची मोठी बोट दुरुस्तीला गेली आहे आणि तिच्या जागी १९८४ ची 'आयल ऑफ आरन' चालते. आईचा घास तिथेच थांबला.

थोडं मागचं सांगायला हवं. आम्ही अलिबागजवळच्या थळचे. आईचे सख्खे मोठे काका 'रामदास' बोट बुडाली त्यात गेले. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना. आईचा जन्म त्यानंतर सहा वर्षांनी झाला, पण ती वाढली त्याच घरात. आजी पुढे मरेपर्यंत रेवसच्या लाँचमध्ये बसली नाही. मुंबईला जायचं तर वडखळ, पेण, पनवेल करत एस्टीने, मग दिवस गेला तरी चालेल. आईचंही तेच. दाभोळहून धोपाव्याला जाताना एकदा ती फेरीबोटीत बसली, ती सुद्धा गाडीच्या काचा लावून, डोळे मिटून, धोपाव्याला चाकं जमिनीला लागेपर्यंत.

आताही तिची तीच अट आहे: "येते, पण गाडीतून उतरणार नाही." मी म्हटलं, अगं ब्रिटनमध्ये बांधलेली बोट आहे, नियम कडक असतात. तर म्हणाली, "रामदासही विलायतेतच बांधलेली होती." यावर मला काही बोलता आलं नाही.

दोन प्रश्न. इतकी जुनी बोट खरंच सुरक्षित असते का? आणि आईला गाडीत बसू देतील का? तिला फसवून न्यायचं नाहीये. वय ७१, गुडघे दुखतात, बोट लागते.

मनू_एअरशायर

गाडीत बसू देत नाहीत, ताई. आम्ही मुलांना घेऊन तीनदा गेलोय. गाडी लावली, हँडब्रेक ओढला, अलार्म बंद केला की सगळ्यांना जिन्याने वर पाठवतात आणि वाटेत खाली यायचा दरवाजा बंद असतो. पण दुसरा रस्ता आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरचं क्लोनेग ते आरनच्या उत्तर टोकाचं लॉक्रांझा. तिथली छोटी उघडी बोट २०१६ ची आहे, डिझेलबरोबर बॅटरीवरही चालते, अर्ध्या तासात पोचवते आणि बहुतेक लोक आपापल्या गाडीतच बसून असतात. ग्लासगोहून टार्बर्टमार्गे ड्राइव्ह मात्र लांब पडेल. आईंची भीती बघता मी तोच रस्ता घेईन. उगाच जबरदस्ती कशाला?

डेकखालचा

थळकरीणताई, मी नऊ वर्षं आयरिश समुद्रातल्या गाड्यांच्या फेरीबोटींवर इंजिनरूममध्ये काढली. आधी थर्ड, मग सेकंड इंजिनिअर. मूळ गाव मालवण, त्यामुळे 'रामदास' आमच्याही घरात ऐकलेली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मनूताईंचा रस्ता सोयीचा आहे, पण त्याने आईंची भीती दाभोळला होती तिथेच राहील.

पहिलं वयाचं. 'रामदास' १९३६ ची. बुडाली तेव्हा अकरा वर्षांची होती. ६ मार्च १९८७ ला बेल्जियममधल्या झेब्रुग बंदराच्या तोंडाशी 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' आडवी झाली आणि १९३ माणसं गेली. ती १९८० ची, म्हणजे सात वर्षांचीही नव्हती. 'एस्टोनिया' सप्टेंबर १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात गेली, ८५२ बळी. तीही १९८० चीच, चौदा वर्षांची. यातली एकही बोट म्हातारी होऊन बुडाली नाही. 'रामदास' पावसाळी वाऱ्यात माणसांनी ठासून भरलेली होती. काशाच्या खडकाजवळ लाट आत आली, घाबरलेली माणसं एका कुशीला धावली आणि बोट कलंडली. 'हेरल्ड' पुढचा दरवाजा उघडा ठेवूनच बंदरातून निघाली होती. तो लावायचा ज्याच्याकडे होता तो खलाशी झोपलेला होता आणि दरवाजा लागलाय की नाही हे वर कप्तानाला कळायची कसलीच सोय नव्हती. 'एस्टोनिया'चं नाकाडावरचं झाकण, म्हणजे गाड्या आत घ्यायला वर उचलतात तो बोटीचा पुढचा भाग, वादळाने उखडलं.

गाड्यांच्या बोटीचा खरा शत्रू म्हणजे गाड्यांच्या मजल्यावर आलेलं पाणी. तो मजला या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा असतो, कारण गाड्या एकीकडून शिरून दुसरीकडून निघायच्या असतात. आईंना असं सांगा: परातीत दोन बोटं पाणी घ्या आणि परात उचलून चाला. जरा कललं की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परातीला आणखी खाली ओढतं. तेच पाणी चार वाट्यांत घेतलं तर काही होत नाही. 'हेरल्ड' याच परातीच्या न्यायाने दीड मिनिटाच्या आसपास आडवी झाली.

म्हणून खाली कुणाला थांबू देत नाहीत. खाली आग लागली, एखादा ट्रक घसरला किंवा पाणी आलं, तर दोन गाड्यांमधल्या फूटभर फटीतून, दुखऱ्या गुडघ्यांनी, कुठे पोचणार? लाइफजॅकेट वर, होड्या वर, बाहेर पडायच्या वाटा वर. काचा लावून डोळे मिटले की सुरक्षित वाटतं हे मी समजू शकतो, पण त्या बोटीवरची माणसासाठी सगळ्यात वाईट जागा तीच आहे. हे आईंना सरळ सांगा. ज्या बाईने 'रामदास'चं घर पाहिलंय तिला हे कळेल.

आता काय बदललं ते. 'हेरल्ड'नंतर पुढचे-मागचे दरवाजे लागलेत की नाहीत हे ब्रिजवर, म्हणजे कप्तान बोट चालवतो तिथे, दिव्यांनी दिसणं बंधनकारक झालं. 'एस्टोनिया'नंतर १९९६ मध्ये उत्तर-पश्चिम युरोपातल्या देशांनी स्टॉकहोम करार केला: बोटीच्या कुशीला भोक पडून गाड्यांच्या मजल्यावर अर्धा मीटरपर्यंत पाणी आलं तरी ती सरळ राहिली पाहिजे.

जुन्या बोटीची तपासणी कशी होते हे मी हातांनी केलंय म्हणून सांगतो. दरवर्षी सुक्या गोदीत चढवायचं. पत्र्यावर अल्ट्रासाउंडचं यंत्र फिरवून जागोजागी जाडी मोजायची आणि खडूने तिथेच लिहायची. झिज मर्यादेबाहेर गेली असेल तर तेवढा पत्रा कापून नवा जोडायचा. या मार्गावरची मोठी बोट गोदीतून अजून आली नाही ना, ते अशाच पोलादाच्या कामामुळे. म्हणजे तपासणारे डोळे उघडे ठेवून तपासतायत. दरवाज्याच्या रबराची परीक्षा मला सगळ्यात आवडायची. लोखंडी कडेला खडू फासायचा, दरवाजा घट्ट लावायचा, उघडायचा आणि रबरावर उमटलेली पांढरी रेघ पाहायची. रेघ सलग हवी. चार बोटं जरी तुटली तरी तिथून पाणी येणार, की लागा कामाला. आमचा चीफ ती रेघ गुडघ्यावर बसून, टॉर्च लावून, टोकापासून टोकापर्यंत पाहायचा. साठीचा माणूस, पण दुसऱ्या कुणाला पाहू द्यायचा नाही.

'आयल ऑफ आरन' पोर्ट ग्लासगोला बांधलेली आहे. एप्रिल १९८४ मध्ये ती कामाला लागली ती याच ब्रॉडिकच्या मार्गावर. १९९३ ला नवी बोट आली तशी ही इतर बेटांकडे आणि बदली कामाला गेली. चाळीस वर्षांनी परत आपल्या मूळ घरी येऊन मुख्य बोटीचं काम करते आहे. मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे.

म्हाताऱ्या बोटीचा त्रास असतो, पण वेगळा. सुटे भाग मिळत नाहीत, एखादा पंप बसतो आणि फेरी रद्द होते. त्यात आर्ड्रॉसनचं बंदर पश्चिमेच्या वाऱ्याला उघडं. तुमचे आई-बाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात परत जाणार ना? मग बेटावरून निघणं आणि विमान यांच्यात किमान दोन दिवस ठेवा.

थळकरीण

खूप आभार. विमान बुधवारी आहे, म्हणजे दोन दिवस मिळतात. तुमचं सगळं मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. परातीशी तिने मधेच थांबवलं, उठून स्वयंपाकघरात गेली आणि खरोखर पाणी घेऊन पाहिलं. इथे माझ्याकडे परात नाही, बेकिंगच्या ट्रेमध्ये घेतलं. ट्रे ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "वर बसेन. पण मला बोट लागली तर?"

डेकखालचा

मधल्या भागात बसवा, पुढे टोकाला नको. डोळे क्षितिजावर किंवा समोरच्या डोंगरावर. फोन नाही, वाचन नाही. रिकाम्या पोटी नेऊ नका, कोरडी चपाती किंवा टोस्ट पुरे. आल्याचा तुकडा दाढेखाली. क्लाइडच्या खाडीत लाट येते ती नैऋत्येकडून. त्या दिवशी तिकडचा वारा जोराचा असेल तर गोळी घरूनच, निघायच्या तासभर आधी. आणि चेक-इनलाच सांगा की गुडघ्यांचा त्रास आहे. गाडी सोयीच्या जागी लावून देतात.

थळकरीण

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, कारण बुधवारी त्यांना विमानात बसवल्यापासून घरात कशाला हात लावावासा वाटत नव्हता.

शनिवारी वारा मंद होता. बोट धक्क्याला लागली तेव्हा आईने आधी तिला नीट पाहून घेतलं. काळं अंग, वर पांढरं, लाल धुराड्याला काळी टोपी आणि पिवळ्या गोलात लाल सिंह. नाकाडाचं झाकण वर उचललेलं होतं. आईने विचारलं, "हेच का ते, रबराचं?" गाडी आत गेली. खाली डिझेलचा आणि ओल्या दोरांचा वास होता, इंजिनाची थरथर पायात येत होती. आईने दार उघडायला एक मिनिट घेतला. मी काही बोलले नाही. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही जिना चढलो, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

वर गेल्यावर तिने पहिल्यांदा लाइफजॅकेट कुठे आहेत ते विचारलं. तिथे उभ्या असलेल्या मुलीने न हसता जागा दाखवली आणि बाहेर पडायची वाटही दाखवली. त्या मुलीचे मला फार आभार वाटतात. मग मधल्या भागातली खिडकी, आलं आणि टोस्ट. बाबा तोवर कुठे गायब झाले होते कुणास ठाऊक.

वीस-पंचवीस मिनिटांनी गोटफेलचा डोंगर स्पष्ट दिसायला लागला तेव्हा आई आपणहून म्हणाली, बाहेर जाऊया. कठड्यापासून हातभर मागे, जीवरक्षक होडीखाली उभी राहिली. मोठे पांढरे पक्षी उंचावरून पंख मिटून पाण्यात सूर मारत होते, ते गॅनेट. आई बराच वेळ तेच पाहत होती. मग म्हणाली, "काका स्टोव्ह घेऊन येत होते. आईने सांगितला होता. पितळी." इतक्या वर्षांत हे मी कधी ऐकलं नव्हतं. 'रामदास'बद्दल आमच्या घरात तारीख सांगितली जायची, माणूस नाही. काका गोदीत हमाली करायचे, त्यांना पेटी वाजवता यायची, थळच्या घरी ती पेटी बरीच वर्षं माळ्यावर होती, हे सगळं ब्रॉडिकचा धक्का येईपर्यंत तिने सांगितलं. गाडीकडे परतायची घोषणा झाली तेव्हाही आम्ही तिथेच होतो, शेवटी धावपळ करत खाली उतरलो.

येताना समुद्र जरा हलत होता. आईने डोळे मिटले नाहीत, पण माझा हातही सोडला नाही.

डेकखालचे, बाबा एस्टीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक होते. त्यांनी बोटीवर कुणाला तरी गाठून इंजिनं मिर्लीस या ब्रिटिश कंपनीची आहेत एवढं काढून आणलंय. आता अलिबागहून रोज फोनवर विचारतायत, असल्या इंजिनाचा पिस्टन बाहेर काढायचा तर बोटीतच काढता येतो की गोदीत न्यावं लागतं?