मदत हवी आहे: हॅरी पॉटरचा अझ्काबान पिक्चर पुस्तक न वाचता बघणाऱ्याला नकाशाचं आधी सांगावं का?

आमच्या ग्रुपमध्ये हॅरी पॉटरचा सगळ्यात भारी पिक्चर कुठला यावर कायम वाद चालतो, माझं मत ठाम आहे, तिसराच, ‘प्रिझनर ऑफ अझ्काबान’, २००४ चा, दिग्दर्शक कुआरॉनने केलेला. त्यातले ते डिमेंटर (आनंद शोषून घेणारे तुरुंगाचे पहारेकरी) रेल्वेत येतात आणि खिडकीच्या काचेवर बर्फ चढत जातो, तसं वातावरण परत कुठल्याच भागात जमलं नाही. पण समोरच्यांचा मुद्दाही खोटा नाही, की शाळेत कोण कुठे आहे ते दाखवणारा जादूचा नकाशा बनवणारे चौघं कोण आणि हॅरीचा पेट्रोनस (डिमेंटरला पळवणारं जादूचं रूप) हरीणच का, हे पिक्चरमध्ये कोणी सांगतच नाही.

आता मावसबहिणीला रविवारी हाच दाखवायचाय. तिने पहिले दोन बघितलेत, पुस्तक एकही वाचलेलं नाही आणि तेवढ्यात वाचून होणार नाही, म्हणून प्लीज आधी पुस्तक वाचायला दे असं सांगू नका. मी स्वतः पुस्तकातलं झोपडीतलं प्रकरण, जिथे त्या चौघांचं सगळं कळतं, ते परत वाचून पिक्चरमधला तोच सीन लावून बघितला, पण मला सगळं आधीच माहिती असल्यामुळे नवीन माणसाला नेमकं कुठे अडेल ते कळतच नाहीये. आधी सांगितलं तर ल्युपिन (शाळेतले नवे शिक्षक) आणि सिरियसची (तुरुंगातून पळालेला कैदी) सगळी मजा जाते, आणि मध्येच पिक्चर थांबवून समजवायला मला जिवावर येतं.

ज्यांनी पुस्तकाआधी पिक्चर बघितला त्यांनीच सांगा, चौघांचं माहिती नसताना झोपडीतला सीन तुम्हाला कळला होता का, की तिला तेवढं आधी सांगून ठेवू?