जोखीम घेतली आणि जगण्याला चव आली : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती, सातारा : मंडळी, ठरलेली वाट सोडून पैसा, नोकरी, अब्रू यातलं काही पणाला लावलंय का? पुढं आयुष्य कसं झालं ते लिहा. फायदाच झाला पाहिजे असं नाही. मी कायमची नोकरी सोडून राजवाड्याजवळ पोळीभाजी केंद्र काढलं. धाकधुकीची ती वर्षं मला लख्ख आठवतात. नोकरीतली सगळी एकमेकांत मिसळून गेलीत.

तासगाव : आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग. वडील सगळ्या गावासारखी ऑक्टोबरात छाटणी घ्यायचे. मी हट्टानं एक प्लॉट ऑगस्टमध्ये छाटला. आगाप, म्हणजे लवकरचा, माल निघतो तेव्हा बाजारात द्राक्षं कमी असतात, दर चढा मिळतो. पण फुलोऱ्यात पावसानं गाठलं तर दावण्या हा बुरशीचा रोग घडच खातो. त्या साली सप्टेंबरभर आभाळ. पहाटे बॅटरी घेऊन पानं उलटी करून बघायचो. वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली की पोटात गोळा. औषध मारावं आणि सर यावी, की परत ब्लोअर जोडायचा. निम्मे घड गेले. उरलेल्यांच्या दरानं खर्च निघाला, वर थोडं राहिलं. वडील एका शब्दानं बोलले नाहीत, पण रोज संध्याकाळी बांधावर येऊन उभे राहायचे. द्राक्ष मी त्या हंगामात शिकलो. आगाप अजून घेतो, तेवढ्याच प्लॉटवर.

विट्याची सून : आमच्या खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर पसरलेत, ठाऊक असेलच. लग्नानंतर आम्ही तमिळनाडूत दुकान घातलं. जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं. भट्टी, ॲसिड, आणि सगळा धंदा विश्वासाचा. भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "बाई, इथला दुष्काळ निदान वळखीचा हाय." भाजीवालीकडून आकडे शिकले, मग हिशेबाची वही माझ्याकडं आली. गावी राहिले असते तर सोनारांशी भाव ठरवायला मला कुणी बसवलं असतं? आता मुलं आपसांत तमिळमध्ये भांडतात आणि आजीशी फोनवर माणदेशी बोलतात.

कराड : मागं उभं राहणाऱ्यांचंही कुणीतरी लिहा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. त्यांना पाठवायला लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. ते त्यांनी आपणहून केलं. मी मात्र भिडेखातर एका नातेवाइकाच्या वर्कशॉपला जामीन राहिलो. हप्ते थकले, बायकोचं गंठण मोडलं. आयुष्याला रंग वगैरे काही आला नाही, झोप तेवढी गेली. दुसऱ्याच्या जिवावर घेतलेल्या जोखमीला कृपा करून धाडस म्हणू नका.

धागाकर्ती : दादा, पटलं. जामीन राहिलेल्यांनीही लिहा, तेही अनुभव हवेत.

सांगलीवाडी : विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या सांगलीत जन्म काढला, पण नाटक कायम खुर्चीतून पाहिलं. साठीनंतर हौशी मंडळात गेले. सुनेला वाटलं, लोक हसतील. विंगेत हात गार पडले होते, पहिल्या वाक्याला आवाज फुटेना, मग फुटला. आता तालमी परत सुरू आहेत, आणि या खेपेला मी मोठी भूमिका मागून घेतलीय.