दिवेलागणीला बाळ अखंड रडतं: कॉलिक की दुसरं काही?

शेवंती

मुलगी ६ आठवड्यांची आहे, पूर्ण दिवसांची, फक्त अंगावरच्या दुधावर. दिवसभर ठीक असते, पण दिवेलागणीला जे सुरू होतं ते साडेनऊ-दहापर्यंत चालतं. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, गॅसही खूप सुटतो. जवळ घेतलं की दोन घोट ओढते आणि तोंड काढून पुन्हा किंचाळते. घरात ग्राइप वॉटर, गुटी आणि बेंबीला हिंग असे तिन्ही सल्ले मिळताहेत. काय करावं, आणि डॉक्टरांकडे कधी धावावं?

पिंपळपान

वर्णन तर कॉलिकचंच वाटतंय. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ वेसेल यांनी १९५४ मध्ये दिलेली खूण अजूनही लक्षात ठेवायला सोपी आहे: एरवी धडधाकट असलेलं बाळ दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त, ३ आठवड्यांहून जास्त रडतं. हल्ली डॉक्टर तास मोजत बसत नाहीत. ५ महिन्यांच्या आतलं बाळ, समजावून शांत न होणारं रडणं, ताप नाही आणि वजन नीट वाढतंय, एवढं पाहतात. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि ३-४ महिन्यांत ओसरतं. तुम्ही आत्ता नेमक्या त्या टोकाला आहात.

गॅसमुळे बाळ रडतं असं सगळे धरून चालतात. बऱ्याचदा उलटं असतं: रडताना ते हवा गिळतं आणि ती हवा नंतर सुटते.

पण कॉलिक म्हणण्याआधी बाळाला पूर्ण उघडं करून उजेडात डोक्यापासून पायापर्यंत तपासा. हाता-पायाचं प्रत्येक बोट वेगळं करून बघा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, ते मोज्यात, झबल्यात, दुपट्यात राहतात. एखादा केस बोटाला वेढे घालून बसला की त्याच्या पुढचा भाग सुजून लाल-जांभळा होतो, आणि केस सुजेत रुतल्यामुळे दिसतही नाही. तो सहज निघाला नाही तर लगेच दवाखाना. मुलगा असेल तर लिंग आणि अंडकोशही बघायचे. जांघेत घट्ट, दुखरा फुगवटा म्हणजे हर्निया अडकलेला असू शकतो.

यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका: काखेत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप (३ महिन्यांच्या आत एवढा ताप ही तातडीचीच बाब), हिरवी उलटी, दर वेळी लांब उडणारी उलटी, शीमध्ये रक्त, ताठ फुगलेलं पोट, दूध ओढायची ताकद नसणं, किंवा रडण्याऐवजी सुस्त, लुळं पडणं. वजन दिवसाला साधारण २०-३० ग्रॅम वाढावं आणि २४ तासांत सहा तरी लंगोट ओले व्हावेत.

सायली_स्तनपान

दोन घोट घेऊन तोंड काढते, हे नीट बघायला हवं. पान्हा जोरात फुटत असेल तर बाळाला ठसका लागतो, ते सोडून देतं आणि हवा गिळतं. अशा वेळी तुम्ही मागे रेलून बसा आणि बाळाला वर, पोटाशी पोट लावून घ्या. पहिला जोर स्वच्छ फडक्यात जाऊ द्या, मग पाजा. दर पाच मिनिटांनी बाजू बदलू नका, एक बाजू मऊ होईपर्यंत पाजून मगच दुसरी द्या. घाईघाईत बाजू बदलल्या की पुढचं पातळ दूधच जास्त पोटात जातं, आणि शी हिरवी, फेसाळ होते.

रडणं चढल्यावर पाजायला बसू नका. आधी शांत करायचं. बाळ हातावर पालथं घ्या: गाल तुमच्या कोपराच्या खळगीत, पोट हातावर, पंजा त्याच्या मांडीला धरून, दुसरा हात पाठीवर. असं धरून न थांबता, सरळ रेषेत ५ मिनिटं चाला. झोप लागली की लगेच खाली ठेवू नका, ५ ते ८ मिनिटं मांडीवर घेऊन बसा. जपानमधल्या एका अभ्यासात हीच वेळ उपयोगी ठरली. झोपवताना मात्र पाठीवरच.

तुमची डाळ, कोबी, वाटाणा 'वातूळ' म्हणून कुणी बंद केले असतील तर खुशाल खा. तुमच्या आतड्यातला वायू दुधात उतरत नाही. शीमध्ये रक्त किंवा आव, अंगावर एक्झिमा (खाजरे, कोरडे चट्टे) असं काही असेल तरच डॉक्टरांच्या सांगण्यावरून २ आठवडे दूध-दही-तूप-पनीर बंद करून पाहतात.

रानजाई

मी औषधांपुरतं लिहिते. ग्राइप वॉटरने कॉलिक कमी होतं असा भरवशाचा पुरावा नाही. सिमेथिकोनचे (गॅससाठी देतात ते) थेंबही चाचण्यांत नुसत्या गोड पाण्याहून सरस ठरलेले नाहीत. घरात मोठ्या भावंडाचे पोटदुखीचे थेंब असतील तर बाटलीवर 'डायसायक्लोमीन' लिहिलंय का बघा. ६ महिन्यांच्या आत ते मुळीच नको, श्वास अडखळू शकतो.

गुटीबद्दल घरच्यांचं मन दुखवायचं नसतं, हे कळतं. पण सहाणेवर किती वेढे घेतले यावर मात्रा ठरते, म्हणजे ती रोज वेगळी. त्यात वेखंड आणि जायफळ असतं. जायफळाने आलेली गुंगी पाहून 'पोट शांत झालं' असं वाटतं. मध तर वर्षाच्या आत थेंबभरही नको, बोट्युलिझमचा (जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो. बेंबीला हिंग लावल्याने कॉलिक जात नाही, नाजूक कातडी लाल मात्र होते. तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक नको, भाजतं.

फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांत लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी डीएसएम १७९३८ या पोटाला उपयोगी जिवाणूच्या थेंबांनी रडणं कमी झाल्याचं दिसलंय. रोज ५ थेंब, म्हणजे १० कोटी जिवाणू. तुमच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा.

आणि सहनशक्ती संपत आली तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, आजूबाजूची उशी-दुपटी काढा आणि १० मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. तेवढं रडल्याने बाळाला इजा होत नाही. गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो. बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच सांगून ठेवा.

शेवंती

बोटं तपासली, ठीक आहेत. वरचं काही नको म्हणताय, मग डी जीवनसत्त्वाचे थेंबही बंद करू का?

पिंपळपान

ते चालूच ठेवा, दिवसाला ४०० युनिट. फक्त बाटली वाचा: काहींत १ मिलिलीटरमध्ये ४०० युनिट असतात, काहींत ८००, मग अर्धाच मिलिलीटर द्यायचा. बाळ शांत असताना, सकाळी, गालाच्या आतून हळूहळू सोडा.